चाकण रोडवरची ती स्टिकरवाली गाडी: नवीन मॉडेलला एवढी वर्षं का लागतात?

नाशिकफाटा (धागाकर्ता)

मंडळी, मी चाकणमधल्या एका गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. गाड्यांशी संबंध फक्त ईएमआयपुरता. गेलं दीड वर्ष येता-जाता एक गाडी दिसते, अंगभर काळेपांढरे नागमोडी स्टिकर चिकटवलेली, म्हणजे चाचणीसाठी फिरवायचं, बाजारात न आलेलं मॉडेल, आकार कळू नये म्हणून झाकलेलं. आधी वाटलं लवकरच बाजारात येईल, बाबांची जुनी गाडी विकून हीच घेऊ. परवा ओळखीतला एक जण म्हणाला, "अजून वर्ष तरी विसर."

आमच्याकडे दर दोन आठवड्यांनी रिलीज जातं. चार चाकं, एक इंजिन, पाच सीटा, हे तर शंभर वर्षांपूर्वीच शोधून झालंय ना? मग दर वेळी तीन-चार वर्षं कशाला? इथे चाकण-भोसरी-पिंपरीचे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. कंपनीची गुपितं नकोत, फक्त आत नक्की काय चालतं ते सांगा.

टूलरूमकाका

तुझ्या रिलीजमध्ये चूक निघाली तर तू दुसऱ्या दिवशी पॅच मारतोस. आमच्या पॅचचं वजन काही टन असतं.

मी भोसरीत डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे जड धातूचे साचे, बनवण्यात चौतीस वर्षं काढली, आता निवृत्त. गाडीचा बाहेरचा एक पत्रा, समजा दरवाज्याचा, एका दाबात तयार होत नाही. आधी ड्रॉ, म्हणजे पत्रा ओढून आकार द्यायचा. मग ट्रिम, पिअर्स, फ्लँज, म्हणजे जादा पत्रा कापायचा, भोकं पाडायची, कडा दुमडायच्या. एका पार्टला चार-पाच डाय सहज लागतात. अख्ख्या बॉडीचे मोजायला बसलास तर रात्र सरेल. बॉडीची जी अखंड बाजू असते, छतापासून खालच्या पट्टीपर्यंत आणि दोन्ही दरवाज्यांची भोकं धरून, तिची डाय एका खोलीएवढी.

आता खरी गंमत. पत्रा दाबून सोडला की तो थोडा मागे उसळतो. त्याला स्प्रिंगबॅक म्हणतात. पत्रा जितका ताकदीचा तितका जास्त उसळतो. म्हणून डाय मुद्दाम 'चुकीची' करायची, म्हणजे उसळून पत्रा बरोबर जागी येतो. किती चुकीची करायची ते हल्ली संगणक सांगतो, बऱ्यापैकी सांगतो, पण शेवटचा हात माणसाचाच. निळा रंग लावायचा, डाय मिटवायची, उघडायची. रंग कुठे लागला, कुठे नाही ते बघून घासायचं. परत मिटवायची. असे दिवसच्या दिवस जातात.

यात स्टाइलिंगवाला येऊन म्हणतो, दरवाज्यावरची ती रेघ चार मिलिमीटर वर घ्या. त्याला स्क्रीनवर दोन मिनिटं लागतात.

कोथरूडची_मावशी

काका, छान लिहिलंत. पण मग मला एक सांगा, एवढं घासून घासून गाडी बनवतात तर माझ्या उंचीच्या बाईला बॉनेट का दिसत नाही? पाच फूट एक इंच. सीट वर घेतली की पाय क्लचपर्यंत नीट पोचत नाही, पुढे घेतली की स्टिअरिंग छातीशी. शोरूममधला मुलगा म्हणे, "मॅडम, सवय होईल." चार वर्षांत एकदाही कोणी बाई बसवून बघितली नाही का?

एसओपीची_घाई

मावशी, बसवून बघतात, पण आकड्यांतली. सुरुवातीलाच एक बिंदू ठरतो, एच पॉइंट, म्हणजे बसणाऱ्या माणसाचा खुबा कुठे येणार तो. त्यावरून डोळा कुठे, पाय कुठे, छत किती वर हे सगळं निघतं. एका टोकाला धिप्पाड पुरुषाचं माप धरतात, दुसऱ्या टोकाला ठेंगण्या बाईचं. पण मधल्या काळात छत उतरतं करायचं ठरतं, बॉनेट उंच आणि मर्दानी दिसायला हवं असतं, आणि त्या ओढाताणीत दोन टोकांपैकी कोणतं टोक आधी सुटतं ते तुम्हीच अनुभवलंय. तुमची तक्रार गाडी बाजारात आल्यावर पोचते. तोवर एच पॉइंट हलवणं म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया सरकवणं.

आता धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे येतो. मी एका कंपनीच्या प्रोजेक्ट ऑफिसात आहे, नाव विचारू नका. लोकांना वाटतं आधी गाडी बनते, मग तारीख ठरते. उलट असतं. एसओपीची, म्हणजे लाइनवर उत्पादन सुरू करायची तारीख आधी ठरते. बहुतेक वेळा दसरा-दिवाळी डोळ्यांपुढे ठेवून. मग तिथून मागे मोजत यायचं. डाय एवढे महिने आधी सुटल्या पाहिजेत, त्यासाठी पत्र्याचा डेटा त्याआधी गोठला, म्हणजे पुढे बदल नाही असा पक्का झाला पाहिजे, त्यासाठी मातीचं मॉडेल त्याआधी साहेबांनी मंजूर केलं पाहिजे. हो, अजूनही गाडीच्या पूर्ण मापाचं क्ले मॉडेल करतात. स्क्रीनवर कितीही फिरवलं तरी उन्हात उभी केल्यावर पत्र्यावरून प्रकाश कसा घसरतो ते मातीवरच कळतं.

मध्ये गेट असतात. प्रत्येक गेटला वजन, किंमत, चाचण्यांचे निकाल टेबलावर ठेवायचे. पास झालात तर पुढच्या टप्प्याचे पैसे सुटतात. कागदावर हे फार सुंदर दिसतं. खोलीत बसल्यावर काय होतं? इंजिनवाल्याला माहीत असतं की आपण दोन महिने मागे आहोत, पण एसीवाले तीन महिने मागे आहेत असं त्याने ऐकलेलं असतं. मग तो गप्प बसतो. एसीवालाही गप्प, कारण वायरिंगवाला आधी हात वर करेल अशी त्याला आशा असते. सगळे "आमचं होऊन जाईल" म्हणतात. माझा निम्मा पगार आधी कोण कबूल करणार हे ओळखण्याचा आहे.

श्टुटगार्टचा_सोनार

+१. हे जर्मनीतही अगदी असंच आहे, फक्त गप्प बसायची पद्धत वेगळी.

काकांच्या डायवरून आठवलं. हार्वर्डमध्ये किम क्लार्क आणि ताकाहिरो फुजिमोतो यांनी १९८० च्या दशकातले नव्या गाड्यांचे प्रकल्प मोजून काढले होते. जपानी कंपन्यांना एका नव्या गाडीला सरासरी १७ लाख इंजिनिअरिंग तास आणि ४६ महिने लागत. अमेरिकन कंपन्यांना सुमारे ३१ लाख तास आणि ६० महिने. सगळ्यांनी कारण शोधलं, रोबोट? संगणक? शिस्त? त्यात एक मोठं कारण डायचं निघालं. अमेरिकेत डिझाइन पूर्ण गोठेपर्यंत डायवाला हात लावत नसे. डाय पूर्ण व्हायला साधारण २५ महिने. जपानमध्ये बॉडीचं डिझाइन सुरू होतानाच डायवाला पोलादाचे ठोकळे मागवून ढोबळ कापायला घेई, कारण ही गाडी अंदाजे केवढी आणि पत्रा कुठे वळणार हे त्याला माहीत असे. तिथे १४ महिने.

म्हणजे जपानी माणूस काही भरभर घासत नव्हता. तो आधी सुरू करत होता.

टूलरूमकाका

सोनार, हे वाचून खुर्चीत ताठ बसलो. अहो, हे आम्हीही करू शकलो असतो. पण ढोबळ कापलेला ठोकळा उद्या डिझाइन बदलल्यावर भंगारात गेला तर पैसे कोणाचे? आमच्याकडे पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर असल्याशिवाय साधा बोल्ट मागवत नाहीत. ते लवकर सुरू करायला समोरच्यावर विश्वास लागतो. पत्रा किती बदलेल, कुठे बदलणार नाही, हे डिझाइनवाल्याने तोंडी सांगायचं आणि ते आम्ही धरून चालायचं. आमच्या वेळी डिझाइनवाला कोण हेच माहीत नसायचं. ड्रॉइंगवर सही असायची, तीही वाचता न येणारी.

स्पष्टवक्ता_७१

कसलं काय. सगळ्या कंपन्या ग्राहकाला फसवतात. पत्रा पातळ करतात आणि वर स्टिकर लावून फोटो काढून घेतात. चार वर्षं म्हणे.

एसओपीची_घाई

स्पष्टवक्ते, पत्र्याची जाडी आणि टक्करीतली सुरक्षा यांचा संबंध एवढा सरळ नाही. कोणता भाग चुरगळला पाहिजे आणि कोणता अजिबात नाही, यात सगळी कला आहे. पण तुमचा राग अगदीच चुकीचा नाही. १ ऑक्टोबर २०१७ पर्यंत आपल्याकडे नव्या मॉडेलला टक्करीच्या चाचणीची सक्ती नव्हती. जे मोजावं लागत नाही ते आधी कापलं जातं. भारत एनकॅपचे, म्हणजे टक्करीच्या चाचणीवरून गाडीला द्यायचे सुरक्षेचे तारे २०२३ पासून मिळायला लागले आणि मीटिंगमधली भाषा बदललेली मी स्वतः ऐकली आहे. आधी सुरक्षावाला कोपऱ्यात बसायचा.

श्टुटगार्टचा_सोनार

विश्वासाचा मुद्दा काकांनी काढला, त्याला जोडून "गाडी कोणाची?" हा प्रश्न येतो. बहुतेक कंपन्यांत गाडी कोणाचीच नसते. इंजिन इंजिन खात्याचं, दरवाजा बॉडी खात्याचा, किंमत फायनान्सची.

टोयोटात याला पूर्वीपासून उत्तर आहे. प्रत्येक गाडीला एक मुख्य अभियंता. जुना शब्द शुसा. १९६६ च्या पहिल्या कोरोलाचे शुसा तात्सुओ हासेगावा, मूळचे विमानं डिझाइन करणारे. या माणसाच्या हाताखाली फारशी माणसं नसतात. खात्यातल्या इंजिनिअरची बढती-पगारवाढ त्याच्या हातात नसते. तरी गाडी त्याची. गिऱ्हाईक कोण, गाडीने काय करावं, कुठे तडजोड करायची, हे त्याने लिहून ठेवायचं आणि शेवटपर्यंत त्याच्या मागे लागायचं.

प्रियसचं उदाहरण घ्या. १९९३ मध्ये जी२१ नावाचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा हायब्रिड ठरलेलं नव्हतं, एकविसाव्या शतकाची गाडी हवी एवढंच होतं. मुख्य अभियंता ताकेशी उचियामादा. त्यांनी त्याआधी एकही नवी गाडी शुसा म्हणून केलेली नव्हती. पहिला नमुना १९९५ मध्ये जुळवला तो जागचा हललाच नाही. ४९ दिवस कारण शोधत होते. वर साहेबांनी तारीख पुढे ढकलायच्या ऐवजी अलीकडे ओढली, आणि डिसेंबर १९९७ ला गाडी जपानमध्ये विकायला आलीसुद्धा. एका माणसाला सगळी खाती भेटायला एक मोठी खोली केली, भिंतीवर सगळे तक्ते. ओबेया म्हणतात. आता प्रत्येक कंपनीत ओबेया असते. बऱ्याच ठिकाणी त्यात फक्त तक्ते असतात, निर्णय दुसऱ्या मजल्यावर होतात.

हिशेबनीस

परदेशी उदाहरणं छान, पण आपली नाशिकची स्कॉर्पिओ विसरू नका. तोवर जीप आणि जीपचे भाऊबंद बनवणाऱ्या महिंद्राने पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची एसयूव्ही उभी केली, २००२ मध्ये बाजारात आणली. खर्च सुमारे ६०० कोटी, परदेशी कंपन्यांच्या हिशेबात किरकोळ. पद्धतीला नाव होतं आयडॅम. डिझाइन, उत्पादन, खरेदी, मार्केटिंग यांची तरुण माणसं एकत्र बसवली आणि गाडीचे मोठे मोठे तुकडे पुरवठादारांच्या हवाली केले. ड्रॉइंग देऊन "हे बनव" नाही, तर "एवढ्या जागेत, एवढ्या पैशात, असं काम करणारं हवं, तूच डिझाइन कर."

आणि नॅनो. माझा पेशा कॉस्टिंगचा, त्यामुळे हळवा विषय. आमच्यात एक साधं गणित आहे. किंमत बाजार ठरवतो, नफा कंपनी ठरवते, उरतं ते खर्चाला. गाडी बनवून मग खर्च मोजायचा नाही. नॅनोत बाजाराच्याही आधी आकडा ठरला, एक लाख रुपये. त्या आकड्याखाली पुण्यातल्या टीमने सगळी गाडी नव्याने मांडली. वायपर एक. चाकाला चारऐवजी तीन नट. इंजिन मागे, ६२४ सीसी, दोन सिलिंडर. मागचं डिकीचं दार उघडणारं नाही. यातला प्रत्येक निर्णय इंजिनिअरिंग म्हणून मला आजही सुंदर वाटतो. जानेवारी २००८ ला दिल्लीत गाडी दाखवली तेव्हा मी ऑफिसात टीव्हीसमोर उभा होतो.

पण बघा, खर्चाचा आकडा साधला आणि बाकी सुटलं. ऑक्टोबर २००८ मध्ये पश्चिम बंगालमधलं सिंगूर सोडावं लागलं, कारखाना गुजरातेत साणंदला न्यावा लागला, ते एक. दुसरं म्हणजे "सगळ्यात स्वस्त" हीच गाडीची ओळख झाली. स्कूटरवरून चारचाकीत येणाऱ्या माणसाला शेजाऱ्यासमोर मिरवायचं असतं, हे कोणत्याही कॉस्ट शीटमध्ये नव्हतं. रतन टाटांनीही नंतर ती चूक कबूल केली.

कोथरूडची_मावशी

आमच्या शेजारी होती नॅनो, पिवळी. मला बॉनेटचा त्रास त्या गाडीत कधी झाला नाही हो. उंच बसायला, वळवायला सोपी. भाजी घेऊन यायला तिच्याइतकी गाडी नाही. डिकीचं दार उघडत नव्हतं हे मात्र खरं, गव्हाचं पोतं बाजूच्या दारातून सीट पाडून कोंबायचो.

चौथीपास_इंजिनिअर

अवांतर होतंय, पण कोणी सरकारी नियमांबद्दल बोललं नाही. चार मीटरच्या आत लांबी असली की कर कमी. म्हणून २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची शेपटी कापून इंडिगो सीएस आणली. मग २०१२ मध्ये मारुतीची डिझायर ४१६० मिलिमीटरवरून ३९९५ वर आली. १६५ मिलिमीटर! डिकी गेली, दिसायला चिमटलेली झाली, आणि धो धो विकली गेली. आपल्याकडे गाडीची लांबी डिझायनर नाही, अर्थसंकल्प ठरवतो.

एसओपीची_घाई

अगदी. आणि बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी नियम. २०१६ मध्ये ठरलं की बीएस-५ गाळून थेट सहावर उडी, १ एप्रिल २०२० पासून. ती चार वर्षं इंजिनवाल्यांनी दुसरं काही केलं नाही. नवीन मॉडेलं रांगेत उभी आणि इंजिन तपासायचे सगळे टेस्ट बेड बीएस-६ ने अडवलेले. कित्येक छोटी डिझेल इंजिनं त्यातच संपली. एवढं महागडं धूर-शुद्धीकरण छोट्या गाडीच्या किमतीत बसेना.

पिंपरीचा_व्हेंडर

इतका वेळ वाचत होतो. आता लिहितो.

भोसरीत माझं लहान युनिट, प्लास्टिकचे मोल्डिंग पार्ट. एका मोठ्या कंपनीच्या (नाव नको, पोटावर पाय येईल) नव्या गाडीत डॅशबोर्डखालचा एक पार्ट मिळाला. मोल्ड, म्हणजे साचा, माझ्या पैशाने करायचा, पैसे दर नगामागे थोडे थोडे परत, अमुक लाख नगांवर फिटणार. उत्पादनाला पाच महिने राहिले असताना बदलाचं पत्र आलं. वायरिंगचा जुडगा जायला जागा नाही म्हणून माझ्या पार्टला खाच पाडायची. मोल्ड उघडा, इन्सर्ट टाका, परत ट्रायल, परत नमुने, परत पीपॅपच्या, म्हणजे पार्ट मंजूर करून घ्यायच्या सगळ्या फायली. तीन आठवडे रात्रपाळी. मग अजून एक पत्र, खाच नको, जुनंच ठेवा, जुडगा दुसरीकडून नेला.

दोन्ही बदलांचे पैसे दोन वर्षं "प्रोसेसमध्ये" होते. गाडी चालली नाही. नग निम्मेसुद्धा गेले नाहीत. मोल्ड अजून शेडमध्ये आहे, ग्रीस लावून ठेवलाय.

जपानी पद्धत, ओबेया, सगळं ठीक. त्या खोलीत मी आणि वायरिंगवाला एकदा जरी समोरासमोर बसलो असतो तरी दहा मिनिटांचं काम होतं. मला त्या वायरिंगवाल्याचं नाव गाडी बंद झाल्यावर कळलं. तो भोसरीतच होता, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून.

टूलरूमकाका

दोन गल्ल्या. अरे देवा.

श्टुटगार्टचा_सोनार

व्हेंडरसाहेब, वाचून वाईट वाटलं. असे बदल कमी व्हावेत म्हणून हल्ली प्लॅटफॉर्मवर, म्हणजे अनेक गाड्यांच्या सामाईक सांगाड्यावर भर असतो. फोक्सवॅगनच्या एमक्यूबी नावाच्या प्लॅटफॉर्ममध्ये अ‍ॅक्सिलरेटरच्या पायपट्टीपासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर पक्कं ठेवलंय, बाकी लांबी-रुंदी ताणा हवी तशी. सगळ्यात खर्चिक आणि गुंतागुंतीचा भाग त्या अंतरात असतो, तो एकदाच सोडवायचा. त्याचंच भारतीय रूप चाकणला आलं. श्कोडाच्या पुढाकाराने १०० कोटी युरोंचा प्रकल्प २०१८ ला जाहीर झाला, कुशाक आणि टायगुन २०२१ ला, स्लाव्हिया आणि व्हर्टस २०२२ ला आल्या. एकाच सांगाड्यावर चार गाड्या.

चौथीपास_इंजिनिअर

आणि चिनी कंपन्या दोन वर्षांच्या आत नवीन इलेक्ट्रिक गाडी काढतात, त्याचं काय? तुमचे गेट, एच पॉइंट, निळा रंग सगळं म्युझियममध्ये जाणार.

एसओपीची_घाई

काही प्रमाणात जाणार, नाकारत नाही. इलेक्ट्रिकमध्ये इंजिन-गिअरबॉक्सची भानगड नाही, संगणकावर टक्कर घडवून आधीच बघता येते, बॅटरीपासून बरंच काही घरातच बनतं, आणि माणसं तास मोजत नाहीत. सॉफ्टवेअर नंतर हवेतून पाठवता येतं, म्हणजे धागाकर्त्याचा पॅच आमच्याकडेही आला. पण नगरच्या व्हीआरडीई या सरकारी वाहन-चाचणी संस्थेच्या ट्रॅकवर दगडी रस्त्याच्या पट्ट्यावर गाडी खडखडवत फिरवायची ती फिरवावीच लागते. राजस्थानातला मे महिना वर्षातून एकदाच येतो. एसीची चाचणी हुकली तर वर्षभर थांबा नाहीतर परदेशातल्या वाळवंटात गाडी पाठवा.

नाशिकफाटा (धागाकर्ता)

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. व्हेंडरसाहेब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

एक शेवटचं. माझी ती स्टिकरवाली गाडी, ती कुठवर आली हे बाहेरून ओळखता येतं का?

टूलरूमकाका

येतं. स्टिकर पत्रा लपवतात, फट लपवत नाहीत. सिग्नलला शेजारी उभी राहिली की बॉनेट आणि फेंडर यांच्यामधली फट बघ. दोन्ही बाजूंची सारखी आहे का? सुरुवातीच्या गाड्या कच्च्या टूलवर, म्हणजे तात्पुरत्या साच्यांवर बनवलेल्या पत्र्यांच्या असतात, फटी वेड्यावाकड्या. पक्क्या डायचे पत्रे लागले की फट रेघेसारखी होते.

नाशिकफाटा (धागाकर्ता)

आज तळेगाव चौकात सापडली. ट्रॅफिकमुळे चांगली सात-आठ मिनिटं शेजारी होती, ड्रायव्हर संशयाने बघायला लागला. उजवीकडच्या फटीत करंगळी जाईल. डावीकडे नखही जाणार नाही.

टूलरूमकाका

मग बाबांची गाडी इतक्यात विकू नकोस. सर्व्हिसिंग करून घे.